जिवंत माणसापाशी भजन

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या क्रांतीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे). दाजींचा गुडघा आणि तुमची म्हैस, दोघांचंही मलकापुरात बरं चाललं असेल. माझं विचारू नकोस.

नकोस म्हटलं तरी सांगते. संगीतोपचार शिकून शाहूपुरीतल्या या दवाखान्यात लागले, त्याला आठ महिने झाले. एवढ्यात मी मोठ्या डॉक्टरांच्या वाढदिवसाला दोनदा गायले (एकदा तिथीने, एकदा तारखेने), लिफ्टमधला स्पीकर दुरुस्त करून घेतला, आणि उपचार म्हणावा असा एकच केला. त्यानेच घात केला.

गुंडूतात्या नावाचे पेशंट. सगळा जन्म गुऱ्हाळावर गूळ करण्यात गेला, आणि अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेली. बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं कधी कधी तोंडात शिल्लक राहतं आणि त्याच्या आधारानं शब्द परत येतात, असं आम्हाला शिकवलेलं. त्यांच्या बायकोला, चिमणाबाईंना विचारलं, तर कळलं की तात्या चाळीस वर्षं भजनी मंडळात होते. मग काय! उशाशी पेटी घेऊन बसले आणि डोळे मिटून संथ भजन लावलं.

आक्का, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी आपल्याकडे भजन कधी म्हणतात, हे मला (एवढी शिकून) सुचलं नाही. चिमणाबाईंना मात्र लगेच उमजलं: डॉक्टरांनी हात टेकले, आणि तोंडानं सांगवेना म्हणून ही पोरगी पाठवली. त्यांनी बाहेर जाऊन गावी फोन लावला. तासाभरात टेम्पो भरून भावकी हजर. कुणी गंगाजल आणलं, कुणी तुळशीपान, आणि एका दूरदृष्टीच्या पावण्यानं वाटेतच मडकंही घेतलेलं. सगळ्यांनी एकदम हंबरडा फोडला. तात्यांनी मडक्याकडे बघितलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलले, “आरं, मी हाय की अजून!”

मला आनंदानं रडू फुटलं. ते बघून भावकी पुन्हा रडायला लागली.

श्रेय गंगाजलाला गेलं. मला मेमो मिळाला. आता पेटी घेऊन वॉर्डात शिरले की नातेवाईक आडवे येतात, “बाई, आमचं बरं हाय, तुम्ही फुडं जावा.” पुढं जात जात मी रोज जिन्यापाशी पोचते.

त्यात कॉलेजकडून प्रश्नावली आली आहे: नव्या संगीतोपचारकांना नोकरीत समाधान किती, एक ते पाचात सांगा. शून्याला चौकोनच नाही. आक्का, मी खरंच थकले. लोकांना बरं वाटावं म्हणून घराबाहेर पडते आणि मला बघून लोकांना धडकी भरते. काल राजीनामा दिला.

तुझी,
क्रांती

ता. क. राजीनामा परत आला. हजेरीपटावर संगीतोपचारक असं पदच नाही, माझं नाव व्यायामाच्या विभागात मदतनीस म्हणून आहे. नसलेली जागा सोडता येत नाही, असं ऑफिसातल्या राजवर्धनसाहेबांनी फार प्रेमानं समजावलं.

ता. क. २. आईला यातलं काही बोलू नकोस. तिनं गल्लीत मी डॉक्टर असल्याचं सांगितलं आहे.

ता. क. ३. खरं तर एवढ्याचसाठी लिहायला बसले होते: रविवारी ये. चार महिने झाले, घरी माझ्या तोंडातून सूर निघालेला नाही. माझ्याजवळ बस आणि काहीही गा. तुला सूर सापडत नाही हे साऱ्या मलकापूरला माहीत आहे. तरी ये. मी नुसती पडून ऐकते.