न्यायशास्त्रातले अठ्ठावन्न

अमृतराव घाटाजवळ, वाराणसी
जून २०२४

ती. शरदिनीअक्कास,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहीत नाही. कंबर धरली आहे आणि पत्रात खोटे नको. तुझा रक्तदाब कसा आहे? भाऊजींनी साखर सोडली, की नुसता चहा? इकडे सर्व ठीक. गंगा उतरली आहे, खालच्या पायऱ्या दिसतात, आणि तुझी भावजय प्रमोदिनी माझ्याशी बोलत नाही. (तू फोनवर टाइप केलेले वाचत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो. आमची लेक बकुळ फोटो काढून पाठवील.)

कारण बकुळच. तिला पुण्याच्या त्या कॉलेजात जायचे आहे, जिथे चाळीस जागांना चार हजार अर्ज येतात. बारावीला पंचाण्णव टक्के आहेत, पण तसे तिथे सगळ्यांनाच असतात. कोणीतरी सांगितले, शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय केलेला असला की निवड करणारे खूश होतात. इथल्या एका संस्थेत तशी सोय निघाली होती: संध्याकाळी पदवीच्या वर्गात बसायचे, परीक्षा द्यायची, गुण कायम नोंदले जातात. (कायम या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.) बकुळला संगणक हवा होता. मी न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र, घ्यायला लावले. ते वेणीमाधवशास्त्री शिकवतात. मीही त्यांच्याकडेच शिकलो. घरचा माणूस असला की गुणांची काळजी नाही, असा माझा अंदाज.

शास्त्रीबुवांनी तिला शंभरांत अठ्ठावन्न दिले. तीस वर्षांत इतके कोणाला दिलेले नाहीत. गल्लीत बातमी पसरली. दूधवाला म्हणाला, “बिटिया तो टॉप कर गई!” मी इथली लौंगलता मिठाई वाटली आणि गुणपत्रिका अभिमानाने अर्जाला जोडली. शिक्षकाचे पत्रही लागत होते. ते शास्त्रीबुवांनी बंद लिफाफ्यात दिले. आता, शिष्याची स्तुती केली की त्याची विद्या थांबते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक. गुरू जितके कमी बोलेल, तितका शिष्य मोठा. पुण्यात हे ठाऊक नसावे. पत्रात होते: मुलगी वर्गात येते. प्रश्न फार विचारते. अनुमानाचे प्रकरण कच्चे आहे. खाली सही.

कॉलेजने ही तीन वाक्ये उतरवून ईमेल केली आणि खाली लिहिले: शाळेत पंचाण्णव, कॉलेजच्या विषयात अठ्ठावन्न, अभिप्राय प्रतिकूल, शुक्रवारपर्यंत खुलासा करावा. विषय केलाच नसता, तर नुसते पंचाण्णव दिसले असते. (हे वाक्य प्रमोदिनी दिवसातून दोनदा भिंतीला सांगते.)

मी शास्त्रीबुवांकडे गेलो. म्हटले, दोन ओळी बऱ्या लिहून द्या.

“नीलकंठा, प्रश्न फार विचारते असे मी लिहिले आहे. याहून मोठे काय लिहू? पोरगी बिघडेल.” मग घसा खाकरून म्हणाले, “तुझ्याविषयी तुझ्या बापापाशी मी फार चांगले बोललो होतो. बघ काय झाले.”

मी नमस्कार करून घरी आलो. भाऊजींना नमस्कार सांग, आणि औषध वेळेवर घे.

तुझा,
नीलकंठ

ता. क. तू त्या कॉलेजात वीस वर्षे शिकवलेस. काशीच्या शास्त्र्याचे अठ्ठावन्न म्हणजे काय, हे तुझ्या सहीने त्यांना लिही. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. वरचे काही लिहू नकोस. फोटो काढताना बकुळने पत्र वाचले. तिने परवाच परस्पर उत्तर पाठवले होते: गुण बरोबर आहेत, अनुमान खरेच कच्चे आहे, काम चालू आहे. आज मुलाखतीचे बोलावणे आले. ती तुझ्याकडे उतरेल. सोबत मी नाही. शास्त्रीबुवा निघाले आहेत. जाताना एक दिवस, येताना एक दिवस, गाडीत निवांत शिकवता येईल, म्हणाले. त्यांचे गुडघे दुखतात. तुमच्या जिन्याला पायऱ्या किती, तेवढे कळव.