जुळ्यातली कालवड

१२ जानेवारी
आजपासून फक्त व्यवहार. लाडी दोन वर्षांची झाली, अजून माजावर नाही. मार्चपर्यंत गाभण राहिली नाही तर विकायची. मन गुंतवणार नाही. ती जन्मली तेव्हा हे म्हणाले होते, ही गोठा भरंल बघ. हे माणसांत चुकायचे, जनावरांत कधी नाही. फोटोपुढं दिवा लावला, सांगितलं.

१९ जानेवारी
कृष्णात भाऊजी आले. म्हणाले, वैनी, खोंडासंगं जन्मलेली हाय ही. वांझच निघणार. बाजार दाखवा की! 'वांझ' म्हणताना माझ्याकडं बघायचं टाळलं. वीस वर्षांत एवढी सुधारणा.

२ फेब्रुवारी
वाचनालयातून पशुविज्ञानाचं पुस्तक आणलं. गाईच्या पोटात जुळ्यांची वार जोडली जाते, रक्त एक होतं. नराची वृषणं आधी तयार होतात. त्यांची हार्मोन्स बहिणीच्या अंगात उतरतात आणि तिची अंडाशयं वाढायची थांबतात. भाऊ मात्र ठणठणीत. यात नवीन काय?
पण खाली लिहिलंय, क्वचित एखादी सुटते. त्या ओळीखाली पेन्सिल ओढली. बाकीचं पान परत वाचायची गरज नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी
लाडी शेजारच्या तानाबाईच्या गाईवर चढली. माज आला! तानाबाई म्हणाली, अगं बया, माज कसला, बैलागत डुरकतीया, मान तर बघ तिची. जळते मेली. गल्लीत पेढे वाटले. तिला दोन जास्त दिले.

३ मार्च
गुरांचे डॉक्टर धैर्यशील लाडीला रेतन करून भरवायला आले. आधी हात घालून तपासलं. म्हणाले, काकी, पिशवी वाढलीच न्हाय. औषध विचारलं. म्हणाले, जन्माआधीच झालंय हे, आता काय देणार? मग हात धुताना बोलून गेले, काकांना मी ही जन्मली तेव्हाच सांगितलेलं की. काका म्हणाले, घरात बोलू नका.
म्हणजे यांना ठाऊक होतं.
माझ्या तपासण्या कोल्हापुरात पुन्हा पुन्हा झाल्या. सगळ्या ठीक. यांची एकदाही नाही. लोक मला वांझ म्हणायचे तेव्हाही हे असेच गप्प बसायचे. मला वाटायचं, दुःखानं.

९ मार्च
भाऊजी टेम्पो घेऊन आले. परत पाठवला. म्हटलं, शेणखत लागतं. म्हणाले, वैनी, रान तर मी कसतोय! म्हटलं, तरी लागतं. व्यवहार म्हणजे व्यवहार.
लाडीला पेंड घातली.
फोटोपुढचा दिवा आज राहिला. तेल संपलं होतं.