आवंढ्याचा आवाज

३ डिसेंबर

विद्यापीठाची फौज आज पुन्हा घरात! ह्यांच्या गळ्याला बटणाएवढा माइक चिकटवला, चमचाभर पाणी पाजलं आणि तिघं कान टवकारून बसले. दातांच्या डॉक्टर, प्राध्यापिका कुवाबाराबाई; शेतकीचा विद्यार्थी याहागी; आणि संगीत शिकणारी होसोगाई. घसा एक, वैद्य तीन!

होसोगाई ढोल वाजवते. म्हणाली, "आजी, चांगला आवंढा ढोलासारखा एकदाच वाजतो. बिघडलेला तुकड्या-तुकड्यांत."

"माझा कसा गं?" ह्यांनी विचारलं.

"आजोबा... तुमचा ढोल जरा भिजलाय."

हे इतके हसले की ठसका लागला. सगळ्यांची धावपळ!

वसंतात अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, घसा नाही सावरला. तेव्हापासून सगळं वाटून, गाळून. घरांच्या तुळया चढवणारा सुतार, आता पेज भरवून घेतो. मागणं एकच — नववर्षाला प्यायच्या गरम सुपात एक मोची. चिकट तांदूळ कुटून केलेली मोची म्हाताऱ्यांच्या घशात बसते, दर नववर्षाला कुणी ना कुणी जातं, हे काय ह्यांना ठाऊक नाही? तरी आपलं, "एकच. अंगठ्याएवढी."

बाई म्हणाल्या, वर्षअखेरच्या तपासणीत आवंढा साफ वाजला, तर परवानगी.

४ डिसेंबर

ठसका लागू नये म्हणून ह्यांचा चहा घट्ट करायची पूड असते, ती आज जास्त पडली. ह्यांनी पेला उलटा धरून दाखवला. चहा पडला नाही!

९ डिसेंबर

याहागीनं प्रयोगशाळेतली मोची आणली, जिभेवर विरघळणारी. ह्यांनी बाईंच्या देखत चाखली आणि चमचा खाली ठेवला.

"पोरा, मोचीनं दाताशी झटापट करायला हवी. ही तर दात दिसताच शरण आली!"

बिचारा याहागी! केवढा खपला होता. मग तिघांत जुंपली. याहागी म्हणे, तांदूळच बदलू या. बाई म्हणे, घसा सुधारायचाय, तांदूळ नव्हे. होसोगाई मधूनच, "आजोबांना गायला लावू या का? उंच सूर लावला की गळ्याची घाटी वर उचलली जाते, गिळतानाही तेच लागतं." बाईंनी आपल्याच गळ्यावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सुचलं?" मला आवडली ही बाई. शहाणी माणसं असं सहसा बोलत नाहीत.

जाताना माझाही आवंढा माइकमध्ये भरून घेतला. तुलनेला धडधाकट घसा हवा म्हणे. मी ताठ बसून गिळला. जरा मिरवलेच!

१५ डिसेंबर

तुळई चढवतानाचं गाणं हे रोज म्हणतात. आज वरच्या पट्टीत गेले, तर शेजारच्या तोमेबाई धावत आल्या — "कुणाला लागलं का हो?"

मीही मागून सूर धरते. कोंबड्याला कोंबडीची साथ!

२० डिसेंबर

होसोगाई आली, डोळे सुजलेले. बाईंनी झापलं म्हणे. गाणं सुरू झाल्यावर घेतलेली दोघांची ध्वनिमुद्रणं तिनं उलटीपालटी केली — बिघडलेल्या आवंढ्यावर माझं नाव, बऱ्यावर ह्यांचं.

"आजी, मी नावं नीट बघून घातली होती. शपथ!"

"चुकते गं नजर. मी परवा सुपात मिठाऐवजी साखर घातली. आजोबा मुकाट जेवले."

हसली. मी चहा केला, वाळवलेली पर्सिमनची फळं दिली. बोलता बोलता मलाच ठसका लागला. बर्फाळ हवा, दुसरं काय!

२५ डिसेंबर

ध्वनिमुद्रण पुन्हा घेतलं. ह्यांचं झालं, आणि होसोगाईनं दोन्ही हात वर केले — "आजोबा, एकच ठोका!" याहागीनं ह्यांना मिठीच मारली. परवानगी मिळाली! एक मोची, ताठ बसून, समोर माणूस हवा. हे परत परत विचारत होते, "म्हणजे नक्की ना?" माझे डोळे भरले.

मग माझी पाळी. पुन्हा, पुन्हा गिळायला लावलं. यंत्र बिघडलं असेल. बाई म्हणाल्या, "आजी, परवा एकट्या इस्पितळात या." मोची कशी भरवायची ते शिकवणार असतील. मला कोण शिकवणार! लग्न झाल्यापासून ह्या घरची मोची मीच वळते.

२७ डिसेंबर

नावं उलटी पडलीच नव्हती. बाईंनी क्ष-किरणांच्या पडद्यावर माझं पाणी चुकीच्या वाटेनं जाताना दाखवलं. मग माझ्यासमोर होसोगाईपुढे कमरेत वाकल्या, चुकले म्हणाल्या. पोरगी रडत होती, माझा हात सोडेना.

ह्यांना एक मोची. मला एकही नाही.

घरी सांगितलं. ह्यांनी मोचीच्या तांदळाचा डबा फडताळात परत ठेवला. मग, "राहू दे. ह्या वर्षी नकोच."

"खबरदार!" मी म्हटलं. "मी समोर बसणार. सावकाश खा. मला ऐकू आलं पाहिजे."