हिकरी ओढ्याच्या माणसाची साक्ष

प्रिय डेल्बर्ट,

पाकिटावरचं अक्षर बघूनच हे पत्र चुलीत टाकायचा तुझा विचार असेल, तर आधी वाच आणि मग खुशाल टाक. चार वर्षं तू माझा फोन उचललेला नाहीस. पण परवा विधानभवनात साक्ष देतानाचा माझा फोटो पेपरात आल्यावर शेजारच्या नेटीकरवी निरोप मात्र बरोबर धाडलास: "ओराला सांग, खोरं विकलंस ते विकलंस, पण मोल चांगलं आलं हो." नेटी बिचारी सांगताना रडवेली झाली होती. मी मात्र हसले. तुझी जीभ अजून शाबूत आहे, एवढं तरी कळलं.

आता माझं ऐक. ज्यासाठी मी साक्ष दिली ते विधेयक अजून नुसतं मांडलंय, मंजूर झालेलं नाही. पूर, वादळ, आग यांत ज्यांची घरं गेली आणि जे राज्यातच दुसरीकडे जाऊन वसतील, त्यांना राज्याच्या करात सूट द्यायची, एवढंच त्यात आहे. आणि ती मला मिळणार नाही. कायदा झाल्यानंतर जे हलतील त्यांच्यासाठीच ती आहे. मी साक्षीला उभी राहायच्या आधीच तिथल्या कारकून बाईंनी मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "बाई, तुम्हाला यातून काही मिळायचं नाही, तरी बोलणार का?" मी म्हटलं, "म्हणूनच बोलणार." तेव्हा मोलाचं जे काही आलं असेल, ते येऊन शोधून ने.

समितीत एक टापटीप कोट घातलेले सभासद होते. त्यांनी मला विचारलं, "हिकरी ओढ्याच्या काठाला घर बांधायचं तुम्हाला सुचलंच कसं?" डेल्बर्ट, तू असतास तर टेबल उलटं केलं असतंस. मी फक्त माईक जवळ ओढला. म्हटलं, "साहेब, आम्हाला नाही सुचलं. वरची सगळी सपाट जमीन खाणवाल्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. आजोबांना तीस वर्षं कोळसा उपसल्यावर मिळाली ती ओढ्यालगतची पट्टी. त्यांनी वर चढायला पाहिलं असतं तर बंदूकवाल्या पहारेकऱ्याने खाली ढकललं असतं. तुमच्या आजोबांचं घर कुठे होतं?" मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी हातोडी आपटली. मला बाबा आठवले. तेही असेच हळू आवाजात बोलायचे आणि समोरच्याला घाम फुटायचा.

तू म्हणतोस, मी पुराचं पाणी ओसरायच्या आत पळाले. खोटं आहे. पाणी त्याच दुपारी ओसरलं होतं, मी नवव्या दिवशी गेले. त्या नऊ दिवसांत तुझ्याबरोबर फावड्याने चिखल उपसला, आईचा फ्रीज अंगणातल्या झाडावरून खाली काढला. आणि रोज ब्रिनाला बघत होते. तेव्हा आठ वर्षांची पोर, नळ सोडला की कानांवर हात धरून टेबलाखाली शिरायची. झोपताना पायांत बूट घालायची, नाड्यांना दोन-दोन गाठी मारून. मी काढायला गेले की किंचाळायची. दोन वर्षं ती बूट घालून झोपली, डेल्बर्ट. तिथे राहिले असते तर जन्मभर झोपली असती. मला तुझी जमीन नको होती, तुझा अपमान करायचा नव्हता, मला फक्त माझ्या लेकीचे बूट काढायचे होते. याची लाज मी आयुष्यात बाळगणार नाही, तू कितीही निरोप धाड.

आता ती बरी आहे. या शहरातही वृद्धाश्रमातच काम मिळालंय मला, पाठ दुखते, पण घर टेकडीवर आहे. मागच्या महिन्यात ब्रिना स्वतःहून म्हणाली, "मला पोहायला शिकव." मला कुठे येतं! शाळेच्या तलावावर नेलं. पहिल्या दिवशी काठावर बसून नुसते पाय बुडवले तिने. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "घाबरतेस?" तर म्हणाली, "माझ्या मामाने मला खांद्यावर घेऊन याहून मोठं पाणी ओलांडलंय." आणि टाकली उडी.

पुराच्या त्या पहाटे मी तिकडच्या वृद्धाश्रमात ड्युटीवर होते. रस्ता वाहून गेला होता, मी सात मैल रेल्वेच्या रुळांवरून चालत आले. येताना पाण्यात कुणाकुणाचं छप्पर, कुणाची पाळणागाडी दिसत होती, आणि मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. चर्चमागच्या चढावर तू बसला होतास. कमरेला दोर तसाच, हाताची सालं निघालेली, आणि तुझ्या शर्टात गुंडाळलेली ब्रिना तुझ्या मांडीवर. मी तिला तुझ्याकडून ओढून घेतलं. तुला काय म्हणाले आठवतं? म्हणाले, "हिच्या पायांत काही नाही, गारठली ना पोर." बस. एवढंच. मग नऊ दिवस चिखल, आणि मग मी गेले. तू माझ्यावर रागावलास तो मी गेले म्हणून, असं तू सगळ्यांना सांगतोस. मला कधी कधी वाटतं, तसं नसावं.

आता कामाचं. माझी साक्ष संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, जे तिथेच राहिलेत आणि हलणार नाहीत, त्यांच्यापैकी कुणी बोललंय का? जाणाऱ्यांबद्दल बोलायला दहा जण होते, राहणाऱ्यांचा एकही नव्हता. मी परत उठले. म्हटलं, "जाणाऱ्याला मदत द्याच, पण राहणाऱ्याला वेडा ठरवू नका. माझ्या भावाने त्याच जागी दहा फूट उंच खांबांवर स्वतःच्या हाताने घर उभं केलंय. त्याला तुमच्या कागदात एक ओळसुद्धा नाही." नाव विचारलं, मी दिलं. तुला न विचारता दिलं, हो. येत्या मंगळवारी सकाळी दहाला, विधानभवनाच्या तिसऱ्या मजल्यावर, तुझी साक्ष आहे. ये आणि विधेयकाला विरोध कर. मला भर सभेत पळपुटी म्हण, चालेल, मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. पण नेटीच्या तोंडून नाही, स्वतः ये. तुझं बोलून झालं की बाहेर व्हरांड्यात मलाही तुला दोनच शब्द सांगायचे आहेत. त्या सकाळी चर्चमागे सांगायचे राहिले. ते कागदावर लिहायचे नाहीत, तुझ्या तोंडावर सांगायचे आहेत.

तुझीच थोरली बहीण,
ओरा