ननची बरणी, विधवेची बरणी

३ एप्रिल
नन कापली. विधवा अजून आठवडाभर उभी राहील. गांजाच्या या दोन वाणांना नावं आईनेच दिली. नन शांत, नशा न आणणारी, लिंबाच्या सालीच्या वासाची. विधवेला रबर जळल्याचा वास. डोकं गरगरतं तिने. धाकट्या बहिणीच्या, इल्दाच्या, फिटच्या झटक्यांवरच्या तेलात ननचे नऊ भाग, विधवेचा एक. उलट झालं तर — नको, लिहीत नाही.

२४ एप्रिल
दोन्ही सुकवून मी बरण्यांत भरली. बरण्या सारख्याच, वर चिठ्ठी नाही! आमच्या लिमाचे गावात कुणीच लावत नाही — पोलीस आले तर आपणच लिहून दिल्यासारखं. आई वासावरून ओळखते. निदान दोरा बांधू, मी पुन्हा विनवलं. शेजारची ग्रिसेल्दा हसली. "अगं, तुझ्या आईचं नाक म्हणजे सरकारी शिक्का. तू आपली थेंब मोजत म्हातारी हो."

२६ एप्रिल
आईने मिश्रण केलं. नेहमीसारखी बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले, "झालं" म्हणाली. पुढे ऑलिव्ह तेलात मंद आचेवर चार तास. ढवळायला मी. वास जरा उग्र वाटला. विचारलं नाही. आईला काय विचारायचं?

२ मे
नवी बाटली सुरू करून तिसरा दिवस. इल्दा चहाला बसली होती, पावावर अव्होकाडो लावत होती. झटका आला. चौदा महिन्यांनी! सुरी हातातून सोडवायला दोघी लागलो. चार मिनिटं दहा सेकंद.

५ मे
आज दोन. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "ताई, मी काही फोडलं का?"

६ मे
चूक माझीच. आच वाढली असेल, किंवा बरण्या भरताना दोन्ही एकमेकांत मिसळल्या. आईला सांगून टाकलं. ती बराच वेळ भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "तू कधी चुकलीस?" माझ्याकडे न बघता.
नवी बाटली बंद. गेल्या वर्षीचं आठवडाभर पुरेल.

७ मे
आई बाजारात गेल्यावर बरण्या उघडल्या. नन जवळजवळ भरलेली. तळ गाठलाय तो विधवेच्या बरणीने.
मी बरोबर भरल्या होत्या. हायसं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. झाकण काढताच जळक्या रबराचा वास खोलीभर झाला. हा वास आईला आला नाही?
आठवत बसले. गेल्या थंडीत दूध करपलं तेव्हा ती चुलीपाशीच उभी होती. मी अंगणातून धावत आले होते.

८ मे
एक बरणी घासली, उन्हात वाळवली, फडक्यात गुंडाळून आईला दिली. म्हटलं, ननचा नवा माल, बघ बरं.
तिने नाकाशी धरली. "लिंबू छान उतरलंय," म्हणाली.
बरणी रिकामी होती.
मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

११ मे
आज मिश्रण मी केलं. इल्दा समोर बसून बघत होती. आईने बरणी घेतली, नाकाशी धरली. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिली.
मी होकाराची मान हलवली.
"झालं," आई म्हणाली.