डाव्या कोपऱ्यातला गोल

आप्पा, उद्या सकाळी सणसवाडीच्या कारखान्यात नवे कामगार पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर उभे राहणार आहेत, आणि त्याआधी मोबाईलवर मी बनवलेला धडा बघणार आहेत. कॉलेज अर्ध्यात सोडल्यावर हेच काम मिळालं. पुरुषभर उंचीचं मशीन तळहाताएवढ्या काचेत बसवायचं, चित्रं हलती, खाली दोन शब्द, वर आवाज. आवाज ऑफिसातल्या एका मुलीचा आहे. ती बोलायला लागली की मला पुढचं सुचत नाही. म्हणून तिचा बोलता चेहराही गोल करून डाव्या कोपऱ्यात टाकला.

आज गेटवर बिहारच्या एका नव्या कामगाराला तो धडा दाखवला. डोक्यावर ऊन, त्याच्या मोबाईलची काच तडकलेली. बघून म्हणाला, "भैया, बायाँ हाथ कहाँ रखना है?" मी भडकलो. "आँखें हैं या बटन?" मग नीट बघितलं. पेडलवर पाय द्यायच्या आधी डावा हात साच्यातून काढून बाहेरच्या दांडीवर धरायचा, तोच हात तिच्या चेहऱ्याखाली गेला होता. लॅपटॉपवर गोल बाजूला होता, मोबाईलवर सरकून हातावर बसला. मी लॅपटॉपवरच बघत राहिलो, तेही तिलाच.

तुम्ही दौंडला पाट्या रंगवायचात, तेव्हा कासुर्डीच्या रसवंतीची पाटी मला दिली होतीत, सोबत नवा ब्रश. मी अक्षरांना सावल्या काढल्या, वेली काढल्या, उसाची पानं काढली. तुम्ही मला हायवेच्या पलीकडं नेता. "वाच."

"रसवंती गृह."

"तू काढलंय, तुला येतंयच. त्या ट्रकवाल्याला कवा वाचून व्हायचं? तवर तो यवतला पोचंल!" मी ब्रश फेकतो. तुम्ही रॉकेलच्या फडक्यानं वेली पुसत बसता.

संध्याकाळी तिला सांगितलं, तर हसली. "काढ की माझं तोंड. मी काय पळून चाललेय व्हय?" काढलं. त्याच कामगाराला पुन्हा दाखवलं. त्यानं काही न विचारता डावा हात हवेतच मागं घेतला. तरी भीती जात न्हाई. उद्या पहिल्यांदा पेडल दाबतील तेव्हा मी तिथंच उभा असेन.

हे कुठं पाठवणार? तुम्ही असतात तर लिहिलंच नसतं, भांडलो असतो. एक राहिलं, आप्पा. तो गोल मी पुसला न्हाई. माझ्या मोबाईलमध्ये ठेवलाय. तो कुणाला रस्त्यापलीकडून दिसला न्हाई तरी चालेल.