शेवटच्या गल्लीतले दिवे वाढवणार!

३ मार्च, रविवार

घसा पार बसला! अर्धा तास चौकात स्टुलावर उभी राहून भोंगा धरला होता. नगरसेविका झाल्यापासून दर रविवारी संध्याकाळी हेच — वॉर्डात आठवडाभरात काय झालं, काय राहिलं, ते लोकांना तोंडावर सांगायचं. हे म्हणतात, "तुला खुर्चीपेक्षा भोंग्याचीच हौस जास्त." म्हणू देत.

गटाराचं सांगितलं, फुटपाथचं सांगितलं. मग शेवटच्या गल्लीचा विषय निघाला आणि एकच गलका. चार खांब, चार दिवे, तेही मिणमिणते. मी आवाज चढवला — "शेवटच्या गल्लीतले दिवे वाढवणार! माझा शब्द आहे!" टाळ्याच टाळ्या.

इथे खोटं कशाला लिहू? लोकांपेक्षा लेकीसाठी बोलले. तिचं घर त्याच गल्लीत आणि तिला आठवा महिना. मागच्या खेपेला मूल हाती लागलं नाही. या वेळी त्या अंधारात कुठे पाय सटकला तर — नको. पुढचं लिहायचंच नाही.

५ मार्च

लेकीचा फोन. "आई, तू दिवे वाढवणार होतीस ना? आमच्या दारासमोरचा होता तोही गेला!" हसत होती. मला नाही हसू आलं.

६ मार्च

वायरमन सकाळीच खांबावर चढून आला. "ताई, बल्ब चांगला आहे. करंट येतोय. लागत नाही, एवढंच."

एवढंच! चांगलं फैलावर घेतलं त्याला. त्याने पक्कड पिशवीत टाकली. मग म्हणाला, "आणि वर कुणीतरी जाऊन आलंय. काच आतून-बाहेरून लख्ख पुसलीय. रॉकेलचा वास मारतोय."

विजेच्या दिव्याला रॉकेलचा वास! घरी जाऊन झोप काढ म्हटलं त्याला.

१० मार्च, रविवार

आज भोंग्यावर ठोकून दिलं — "दिवे वाढवायचं काम जोरात सुरू आहे." नवीन खांबांचा कागद अजून साहेबांच्या टेबलावरच लोळतोय, पण नगरसेविकेची थाप म्हणजे थोडी आधी दिलेली बातमी. असं मी स्वतःला समजावते.

वाक्य संपलं आणि गल्लीतून आवाज आला. लाकूड फरफटत नेल्यासारखा. मग खांबावर काहीतरी टेकल्याचा ठण्ण आवाज. सगळ्यांनी माना वळवल्या. दुसरा दिवा गेला. जरा वेळाने तिसरा, मग चौथा. मधल्या वेळात कुणी अगदी निवांत चालत गेल्यासारखं. गल्लीत माणूस नव्हता.

"फॉल्ट असेल," मी म्हटलं. भोंग्यातून माझाच आवाज केविलवाणा आला.

११ मार्च

दिवेलागणीला गल्लीत गेले. कोपऱ्यावरचे शिंपीकाका मशीन थांबवून बाहेर आले. त्यांचा जन्म याच गल्लीतला.

"तू वाढवा म्हणालीस ना? त्याने वाढवले."

"कुणी?"

"शिडीवाल्याने. मी चड्डीत होतो तेव्हा इथे रॉकेलचे दिवे होते. तो संध्याकाळी लावायचा, पहाटे वाढवायचा. दिवा विझवला असं म्हणायची सोय नव्हती त्याच्यासमोर, अंगावर यायचा! वाढवला म्हणायचं. आणि हुकूम घ्यायचा फक्त नगरसेवकाचा. त्यांनी चौकातून ओरडून सांगायचं, याने शिडी उचलायची."

"आता कुठे असतो तो?"

"असतो कुठला! माझ्या लग्नाच्या वर्षीच गेला. मधले सगळे नगरसेवक गाडीच्या काचा लावून फिरले. इतक्या वर्षांनी चौकात हुकूम दिलास तो तू."

मी हसले. काका नाही हसले. खांबाच्या बुडाशी धुळीत दोन खोलगट खुणा होत्या, शेजारी शेजारी. शिडीच्या पायांच्या.

१७ मार्च, रविवार

लाज वाटत होती, तरी बोलले. भोंगा गल्लीकडे वळवला आणि म्हटलं, "शेवटच्या गल्लीतले दिवे लावा."

फरफट. ठण्ण. एक. दोन. तीन. चार! पिवळे, ठसठशीत, कधी नव्हते इतके. लोकांनी मलाच शाबासकी दिली. वायरमनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

लेक म्हणाली, "आई, आता दाराबाहेर रांगोळीसुद्धा दिसेल." बाई गं, ती रांगोळी काढते कधी! पण तिचा आवाज मोकळा झाला होता. मला रडूच आलं.

२४ मार्च, रविवार

काय करून बसले मी!

सगळे खुशीत होते. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ताई, आजी कधी होताय?" आणि मी, बोलण्याच्या भरात, भोंगा तोंडाशी तसाच — "लवकरच! माझ्या लेकीच्या घरातही एक दिवा वाढणार आहे!"

हशा. टाळ्या. शिंपीकाकांनी टाळी वाजवली नाही.

लाकूड फरफटल्याचा आवाज आला. या वेळी खांबापाशी थांबला नाही. लेकीच्या दारापर्यंत गेला.

लगेच सांगितलं, "चुकलं, तसं नव्हतं म्हणायचं मला!" पण चुकलं हा काही हुकूम नव्हे.

२५ मार्च

सकाळपासून बाळ हललं नाही. जावई तिला दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टरीणबाई यंत्राला कान लावून बसल्या. "ठोके आहेत, पण मंद होत चाललेत." मंद! दिव्यालाच म्हणतात तसं.

तिथून धावत चौकात. भर दुपार, रविवारसुद्धा नाही. चपला कुठे राहिल्या आठवत नाही. स्टूल नाही, काही नाही. भोंगा घेतला आणि जीव खाऊन ओरडले — "दिवे वाढवायचे नाहीत! लेकीच्या घरातला तर नाहीच नाही! तेवत ठेवा! क्षणभरही मंद होऊ द्यायचे नाहीत!"

पानवाला बघत राहिला. बँकेतली माणसं बाहेर आली. बघू देत, मेलं.

जावयाचा फोन आला. नुसताच हुंदका. मी तिथेच रस्त्यात बसले. मग जावई म्हणाले, "आई, ठोके आले. चांगले जोरात आले."

२६ मार्च

गल्लीतले दिवे दिवसाही जळतायत. वायरमनने लाइन तोडली. तरी जळतायत. जळू देत!

१ एप्रिल

मुलगी झाली! पहाटे, सुखरूप. वजन चांगलं, नाक आमच्या ह्यांचं — बिचारी! लेक थकलीय, पण सारखी हसते. एवढं सुख माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

डोळे काय टपोरे आहेत. टकामका बघत असते.

३ एप्रिल

लेक म्हणते, "आई, ही झोपते कधी?" म्हटलं, तू तरी कुठे झोपायचीस!

६ एप्रिल, शनिवार

जन्मल्यापासून तिने डोळे मिटलेले नाहीत. रडत नाही. एकटक बघते, आणि अंगातून भट्टीसारखी धग येते. डॉक्टरीणबाईंना काही सापडत नाही. उद्या रविवार. भोंगा पुसून ठेवलाय. दाराबाहेर शिडी टेकल्याचा आवाज आला — हुकमाची वाट बघतोय. तिला जरा झोपू दे, एवढंच सांगायचंय. पण वाढव, मालव, शांत कर, निजव — दिव्याला काय म्हणू?